झाकलेलं उखळ

सांगावा आला तेव्हा अंबाजी लोणावळ्यात एका दुकानदाराच्या घरी पोथी वाचत होता.

"भाऊ, घरला चला. वैनी गेल्या," शेजारचा हौशीराम दारातूनच म्हणाला. तो गावाहून तसाच धावत आला होता.

अंबाजीनं त्याला हातानं थांबवलं. अध्याय अर्ध्यात सोडू नये, असं त्याला शिकवलेलं होतं. उरलेल्या ओव्या त्यानं खालच्या आवाजात वाचल्या, पानं फडक्यात बांधली आणि मग उठला. गाडीनं कामशेत, तिथून पायी गाव. पोचला तेव्हा बायकांचं रडून झालं होतं. बायकोला, कस्तुराबाईला, दोन दिवस ताप होता, एवढंच कळलं.

नवव्या दिवशी दहाव्याच्या तांदळाची गोष्ट निघाली. कणगीत भात भरपूर होतं, पण कांडलेला दाणा घरात नव्हता. वाडीच्या टोकाला राहणारी शालूबाई भाताची पाटी घ्यायला आली.

"द्या भाऊ, आमच्याकडं कांडून आनते."

"नगं. तिचं दहावं हाय. तिच्या घरात कांडू दे. उखळ फुटकं तर फुटकं."

पडवीतलं उखळ फुटलंय, दाणा चिरडतो, असं कस्तुराबाईनं सोळा वर्षांमागं सांगितलं होतं. तिनं त्यावर कोंबड्यांचं खुराडं ठेवलं. तेव्हापासून ती डोक्यावर पाटी घेऊन शालूबाईकडं कांडायला जायची. पावसापाण्यातही जायची. अंबाजी म्हणायचा, "कांडायचं निमित्त. मुसळापरीस तुमची तोंडंच जास्त चालत्यात." ती म्हणायची, "आन् तुमचं पोथीपुढं दिसभर चालतं ते?" आणि हसत निघायची.

अंबाजीनं खुराडं बाजूला ओढलं. आतली घाण खरवडली. कडेनं हात फिरवला. दगड गुळगुळीत लागला. त्यानं तांब्याभर पाणी ओतलं आणि बघत बसला. पाणी थेंबभरही उतरलं नाही.

"शालूबाई, ह्ये फुटलेलं न्हाई."

"न्हाईच," शालूबाई म्हणाली. "तुमची सरू त्याला भ्यायची. तुमी देवळात पोरान्ला ती कथा सांगितली व्हती न्हवं? तवापास्नं आयनं मुसळ उचललं की पोर पळत माज्या घरला. तीन दीस आयेच्या हातचा घास घेतला न्हाई तिनं. मग कस्तुरानं त्ये झाकलं."

"मला का न्हाई बोलली?"

"तुमी पोथीवाले. तुमाला काय बोलनार?"

मानमोडीच्या साथीआधीचा श्रावण होता तो. वाडीतली पोरं अंबाजी मारुतीच्या देवळात जमवायचा आणि त्यांना पोथीतल्या कथा सांगायचा. त्याची लेक सरू तेव्हा सहा वर्षांची, सगळ्यांत पुढं बसायची. त्या दिवशी त्यानं राजाराणीची कथा घेतली होती. देव पाहुणा होऊन येतो आणि जेवायला त्यांचं एकुलतं पोर मागतो. राणी पोराचं शीर उखळात घालून कांडते. डोळ्यांतून टिपूस काढत नाही, वर गाणं म्हणते. अंबाजीनं दोन्ही हातांनी मुसळ उचलल्यासारखं करून दाखवलं होतं. पोरांचे चेहरे बघून त्याला बरं वाटलं. तिथंच तो थांबला. "उरलेलं उद्या," म्हणाला. अध्याय अर्ध्यात सोडू नये हे त्याला तेव्हा आठवलं नाही. पोरं उद्या परत यावीत, एवढंच त्याच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी सगळी आली. सरू आली नाही. त्यानं बाकीच्यांना पुढचं सांगितलं.

त्याच संध्याकाळी तो पोथी बांधत होता तेव्हा कस्तुराबाई जवळ येऊन उभी राहिली होती. हे सगळं आता त्याला लख्ख आठवलं.

"अवं, येक इचारू का?"

"पोथीतलं असंल तर इचार."

"पोथीतलं न्हाई," ती म्हणाली आणि चुलीकडं गेली. काय विचारायचं होतं, ते त्यानं पुन्हा कधी काढलं नाही.

अंबाजी आत गेला. सरू इंदुरीच्या सासरहून दहाव्यापर्यंत राहायला आली होती. भिंतीला टेकून लेकराला थोपटत बसली होती.

"सरे," तो म्हणाला. "त्ये पोर परत आलं गं. पाव्हन्यानं राणीला हाक माराया लावली आन् त्ये धावत आलं. जसंच्या तसं. तू दुसऱ्या दिशी आलीच न्हाईस. तुला सांगायचं ऱ्हायलं."

"ठावं हाय, आबा. आयनं तवाच सांगितलं." सरूनं लेकरू खांद्यावर घेतलं. "मी तिला म्हनलं, मग त्या राती त्ये आयेजवळ निजलं का? तिला काय सांगता येईना. म्हनली, तुज्या आबाला इचारून सांगते."

फडक्यात बांधलेली पोथी कोनाड्यात होती. तिची सगळी पानं अंबाजीला पाठ होती. ते पोर त्या रात्री कुठं निजलं, हे त्यांत कुठंच नव्हतं.

बाहेर शालूबाईनं पाटी डोक्यावर घेतली आणि ती आपल्या घराच्या वाटेला लागली. या वेळी त्यानं तिला अडवलं नाही. उखळातलं पाणी काढलं, खुराडं ओढून पुन्हा जागेवर ठेवलं.

सरूनं विचारलं त्याला सोळा वर्षं झाली. उत्तर तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.