नथूची शीळ

औंढ्यातला अमृत दुपारी सिंथेसायझर या आवाज घडवणाऱ्या यंत्राच्या वायरी बदलत नवे आवाज शोधत होता. आज त्यानं यंत्रातून निघणारा आवाज पुन्हा त्याच यंत्रात सोडून पाहिला. स्पीकरमधून शीळ आली, लांबवर कुणी गुरं वळवावीत तशी.

शेजारच्या मुक्ताबाई तांदूळ पाखडता पाखडता उठून अमृतच्या दारात आल्या.

"ही आमच्या नथूची शीळ हाय," त्या हळूच म्हणाल्या. त्यांचा मुलगा नथू एकदा गुरांमागं डोंगरावर गेला, तो परतलाच नव्हता.

"मावशी, यंत्राचा आवाज हाय," म्हणत अमृतनं सगळ्या वायरी उपटल्या, बटण बंद केलं.

शीळ चालूच राहिली.

"आले रं बाळा," म्हणत मुक्ताबाई अंगणात उतरल्या. तशी शीळ स्पीकर सोडून निघाली आणि त्यांच्या पुढं पुढं, डोंगराकडं जाऊ लागली.