कोपऱ्यातली कुजबुज

उमरावांनी आमच्या किल्ल्याचा महाल केला, तेव्हाचं हे कमानीचं दालन. एका कोपऱ्यात कुजबुजलं की समोरच्या कोपऱ्यात स्पष्ट ऐकू येतं. पाहुण्यांना मी ही गंमत नेहमी दाखवते.

त्या सकाळी पाहुण्या आलेल्या एर्सिलियाबाई एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचा नवरा दुइलिओ समोरच्या कोपऱ्याकडे निघाला, पण माझ्यापाशीच थांबून बुटाची नाडी बांधू लागला.

बाई हसल्या. "चल, काहीतरीच तुझं."

दुइलिओ म्हणाला, "अगं, मी अजून बोललोच नाही."

समोरचा कोपरा रिकामा होता. बाई भिंतीला कान लावून हळूहळू उत्तरं देत होत्या. मग त्या रडू लागल्या.

दुइलिओने धावत जाऊन त्यांचा खांदा धरला. "एर्सिलिया, चल इथून."

बाईंनी अनोळखी माणसाकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहिलं.

"जरा थांबता का? माझा नवरा बोलतोय."