मथुराबाईंचा पोळपाट

भिलाईच्या कारखान्याच्या मशिनी ज्या लाकडी पेट्यांतून येत, त्यांच्या फळ्यांवर तापल्या सळईनं वेलपत्ती काढायचा सत्यशीलेला नाद लागला. तसल्याच फळीचा तिनं केलेला एक पोळपाट मेळ्यात विकला गेला. घेतला नेमका शेजारच्या मथुराबाईंनी, कोणाचा ते न विचारता.

मथुराबाई सत्यशीलेच्या मागून नळ धुऊनच घागर लावत. नवा पोळपाट दाखवतानाही म्हणाल्या, “दुरूनच पाह्य. हात नोको लावू, बाटन तो.”

“नाही लावत, बाई.”

नातवाच्या बारशाला मथुराबाईंनी सत्यशीलेला वगळून क्वार्टरांची सारी लाईन बोलावली. शेवटची पंगत पुरणपोळ्या खाऊन उठेस्तोवर ती आपल्या दारात थांबली. मग सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाली,



“पोळ्या मस्त झाल्या ना, बाई? तो पोळपाट माह्याच हातचा हाय.”