पेंगेची गोळी

कंपनीच्या त्या पत्राला वागळेंनी उत्तर दिलंच नव्हतं. ॲलर्जीची नेहमीची गोळी औषध-योजनेतून काढून स्वस्तातली देणार, हरकत असल्यास कळवा, असं पत्रात होतं. रेकॉर्ड रूममधल्या आपल्यासारख्या कारकुनाच्या शिंकांसाठी साहेबांना कशाला त्रास, असं त्यांना वाटलं.

नव्या गोळीने दिवसभर पेंग येई. "काका, फायलींना अंगाई गाताय का?" असं ऑफिसातली पोरं चिडवत, आणि ते कसनुसं हसत.

एकदा जेवणाच्या सुट्टीत क्रेन चालवणारा गफूर जवळ येऊन बसला. "काल लोखंड वर टांगलेलं अन् माझा डोळा लागला, काका. खाली माणसं होती."

"साहेबांना सांगितलंस?"

"क्रेनवरून उतरवतील. अन् तुम्ही शिकलेले, तीच गोळी खाऊन गप्प होता. म्हटलं, गोळी बरीच असेल."

वागळेंचा घास हातातच राहिला. "आजपासून ती बंद कर. शिंका आल्या तर येऊ देत."

संध्याकाळी त्यांनी उत्तर लिहिलं. गफूरचं नाव घातलं नाही; आपल्याच पेंगेबद्दल लिहिलं आणि यंत्रांवरच्या माणसांसाठी जुनी गोळी मागितली. साहेब हसतील, असं पोस्टाच्या पेटीपाशीही मनात आलंच. तरी त्यांनी पत्र आत सोडलं.