सत्तावीस इंच

"आधी ती सायकल उचला!" गाडीवाला ओरडला. "सगळा रस्ता अडवून ठेवलाय बाईंनी!"

बाई अजून रस्त्यातच बसल्या होत्या. गल्लीतल्या सगळ्यांच्या त्या टेलरबाई. उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं, कोपर सोललेलं, एक चप्पल कुठल्या कुठे. शेजारी सायकल आडवी पडली होती आणि तिचं पुढचं चाक पार वाकडं झालं होतं. ज्याने ते वाकवलं तो गल्लीच्या तोंडाशी अर्धी गाडी घुसवून उभा होता, आणि वर आवाजही त्याचाच.

"फार लागलं नाही ना, ताई?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

'नाही, नाही' अगदी जिभेवर आलं होतं. कुणी पायावर पाय दिला तरी हेच म्हणायची सवय. आज त्यांनी ते गिळलं.

"लागलंय," त्या म्हणाल्या. "कुठे कुठे, ते डॉक्टर सांगतील."

"अहो, तुम्ही रस्त्याच्या मधून चालवत होता!"

"मी कडेने येत होते. तुम्ही दिवा नाही, हॉर्न नाही, सरळ आडवे वळलात."

"पाहिलं का कुणी?"

पाहिलं कुणीच नव्हतं. जमलेले सगळे आवाज ऐकून धावत आलेले. बाई कुठून चालल्या होत्या ते आता त्या पडलेल्या सायकलवरूनच कळणार होतं, आणि ती उचलायला तर चार हात पुढे आले होते. एकदा ती भिंतीला टेकली की कोण कडेला होतं आणि कोण मधे, हे गाडीवालाच ठरवणार. बाई आधी घाबरल्या. मग राग आला, आणि रागाने बरं वाटलं.

"हात लावायचा नाही!"

चारही हात मागे गेले. मागे अडकलेल्या गाड्या हॉर्नवर हॉर्न देत होत्या. एवढ्यात कोपऱ्यावरच्या वह्यांच्या दुकानातून बाईंचा धाकटा दीर पळत आला. तो तिथे कामाला होता आणि शेजारपाजाऱ्यांसमोर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"वहिनी, उठा आता. तमाशा होतोय."

"होऊ द्या, भाऊजी. तिकीट थोडंच लावलंय?"

"मी फोटो काढतो. मग तरी उचलू?"

"काढा. गाडीचा नंबरही येऊ द्या. पण नुसत्या फोटोवरून कपडा बेतता येत नाही. माप लागतं."

त्यांनी डाव्या हाताने पिशवी ओढली. कापडावर खुणा करायचा चपटा खडू काढला आणि बसल्या बसल्या सरकत सायकलभोवती रेघ मारायला घेतली. पुढचं चाक, मागचं चाक, हँडल, सीट. हात डावा, त्यामुळे रेघ वेडीवाकडी येत होती. पण सायकल सायकलच दिसत होती.

मग गळ्यातली टेप काढली. टेपचं टोक चाकाजवळच्या रेघेवर दाबून धरलं आणि वर गाडीवाल्याकडे पाहिलं. बेचाळीस छाती, पोट त्याच्याही पुढे.

"अहो, ही टेप फुटपाथच्या कडेपर्यंत न्या. वाका जरा. ताणायची नाही."

बाईंच्या या आवाजापुढे भल्याभल्यांनी मुकाट्याने हात वर केलेले होते. गाडीवालाही काय होतंय ते कळायच्या आत वाकला.

"हं, आकडा वाचा. मोठ्याने."

"सत्तावीस."

"सत्तावीस इंच," बाई म्हणाल्या. "शाळेतल्या मुलीचा स्कर्ट शिवते मी एवढा. रस्त्याचा मध्य इथे येतो होय?"

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. गाडीवाल्याने चटका बसल्यासारखी टेप सोडली.

थोड्या वेळाने हवालदार आला. गाडीवाला पुन्हा "मधून" म्हणून सुरू झाला, पण या खेपेला मागून दोघे-तिघे एकदमच म्हणाले, "सत्तावीस इंच!" हवालदार रेघेकडे बघत वहीत लिहू लागला.

"सत्तावीस लिहिलंत?" बाईंनी विचारलं.

"लिहिलं."

"वाचून दाखवा. आणि आकडा यांनीच वाचला, तेही लिहा."

हवालदाराने लिहिलं आणि वाचूनही दाखवलं. तेव्हा कुठे बाई उठल्या. चप्पल शोधली, दिराला म्हणाल्या, "आता उचला सायकल."

दवाखान्याच्या बाकावर मात्र त्यांना रडू फुटलं. मनगट मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, दीड महिना कात्री हातात धरायची नाही. दीर शेजारी बसून होता. तो फोनमधले फोटो पुन्हा पुन्हा बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याच स्कूटरवर मागे बसून बाई आपल्या शिलाईच्या दुकानाकडे निघाल्या. हात गळ्यात बांधलेला. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं.

"थांबा, भाऊजी."

खडूची सायकल अजून तिथेच होती. एक गाडी आली, हळू झाली आणि वळसा घालून गेली. दुसरी आली, तीही लांबून गेली. एकीनेही रेघेवर चाक घातलं नाही. बाई बराच वेळ बघत राहिल्या.

मग खाली उतरल्या. मागचं चाक रात्रीतून जरा पुसट झालं होतं. पिशवीतून खडू काढून त्या उकिडव्या बसल्या आणि डाव्या हाताने ते गिरवू लागल्या.

मागे एका गाडीने हॉर्न दिला. मग पुन्हा दिला.

"थांबा," मान वर न करता बाई म्हणाल्या. "चाक व्हायचंय अजून."