सोडलेली फुली

पावसाळ्याआधी पडायला आलेल्या घरांवर लाल फुली मारायची, हे पालिकेच्या सुदर्शनचं दरसालचं काम. पुढल्या उन्हाळ्यात फुली दिसली की घर पाडायचं, असा नियम. अशाच एका घरातली सगीराखाला मात्र ईदला भिंतीला चुना मारायची. मग तो "खूण आढळली नाही" असं लिहून नवी फुली मारायचा आणि घराला आणखी एक वर्ष मिळायचं. यंदा तो घामाघूम होऊन चढ चढून आला आणि थबकला. भिंत पांढरीशुभ्र होती. मधोमध फुली तेवढी, कडेनं थेंबही न लागू देता जपलेली. "खाला, हे काय?" "दरसाल मी झाकते अन् तू उन्हात पुन्हा मारायला येतो. लई वाईट वाटायचं, बेटा. औंदा तेवढी सोडली." गल्लीच्या तोंडाशी संभाजीनगरहून तपासणीला आलेल्या साहेबांची गाडी थांबली. सुदर्शननं मोठा उसासा टाकला आणि विचारलं, "चुना उरलाय का थोडा?"