उष्टं

चाकांचे बूट घातलेल्या मुलीने गाडीच्या अर्ध्या उघड्या काचेला ट्रे अडकवला आणि ती सुळकन निघून गेली. तळणीचा वास आत शिरला, तसा मागच्या सीटवरच्या कुमुदिनीबाईंनी पदर नाकाला लावला.

"आई, साठ वर्षांपासून या हॉटेलात लोक असेच गाडीत बसून बर्गर खातात," लेक कौतुकाने म्हणाला.

"आणि ती सॉसची बाटली तेव्हापासून कुणी पुसलेली दिसत नाही."

त्यांनी बर्गर उचलला तर चीज ओघळून मनगटावर आलं. एक घास कसाबसा गिळून त्यांनी तो परत कागदात गुंडाळला. तेवढ्यात पुढे बसलेल्या सुनेने आपला अर्धा खाल्लेला बर्गर नवऱ्याच्या हातात दिला, आणि त्याने तो दातांच्या खुणांसकट मिटक्या मारत संपवला.

"शी! बायकोचं उष्टं खातोस?"

"त्यात काय? तू नाही का रोज बाबांच्या ताटात जेवायचीस?"

कुमुदिनीबाईंची नजर मनगटावरच्या चीजकडे गेली. चाळीस वर्षं ते ताट त्यांनी पुढ्यात ओढून घेतलं होतं. चघळून टाकलेल्या शेवग्याच्या शेंगा, मनगटापर्यंत ताक ओघळवत चिवडलेला भात. त्याच भातावर त्या आमटी वाढून घ्यायच्या. शी म्हणायचं असतं, हे तेव्हा सुचलंसुद्धा नव्हतं.

"दार उघड रे," त्या तोंडावर हात दाबून म्हणाल्या. "मला ओकारी येतेय."

"बर्गर बाधला वाटतं," लेक सुनेला म्हणाला.